टाळके राहिले, नाव गेले

आमच्या शेजारीणबाईंच्या ओळखपत्रावर जन्मस्थान म्हणून 'कार्ल-मार्क्स-श्टाट' असे छापलेले आहे. त्यांच्या आईच्या कागदांवर 'केम्निट्झ' होते आणि नातवाच्या जन्मदाखल्यावर पुन्हा 'केम्निट्झ' आहे. तिघांचाही जन्म एकाच गावातला, आणि घर बदलले तेही चार गल्ल्यांच्या पलीकडे कधी गेले नाही. पूर्व जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातले हे शहर १९५३ ते १९९० अशी ३७ वर्षे ज्या माणसाच्या नावाने ओळखले गेले, तो माणूस हयातीत एकदाही इथे आलेला नव्हता.

मी मूळचा इचलकरंजीचा. आमच्या गावाला 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणतात आणि केम्निट्झला पूर्वी 'सॅक्सनीचे मँचेस्टर' म्हणत, हा योगायोग मला इथल्या तांत्रिक विद्यापीठात शिकायला आलो त्याच आठवड्यात, २०१३ साली, कुणीतरी सांगितला. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या मुलाला सूत, मागांची यंत्रे आणि धुरांडी यांच्या जिवावर उभ्या राहिलेल्या गावात परकेपणा तसा कमी वाटतो. विद्यापीठाचे आजचे मुख्य ग्रंथालयसुद्धा एकोणिसाव्या शतकातल्या एका सूतगिरणीच्या इमारतीत आहे. २०२० साली ते तिथे उघडले तेव्हा मी शिक्षण संपवून नोकरीला लागलो होतो, तरी केवळ ती इमारत आतून पाहता यावी म्हणून जाऊन आलो. पण आज मला लिहायचे आहे ते गिरण्यांबद्दल नाही. गावाच्या मधोमध समाजवादी राजवटीने जे बांधून ठेवले, त्याच्याशी इथल्या लोकांचे आज नेमके काय नाते आहे, हा प्रश्न गेली काही वर्षे रोज कामावर जाता-येता माझ्या डोक्यात असतो, आणि त्याचे उत्तर मला पुस्तकांपेक्षा शेजारीणबाईंच्या बोलण्यातून जास्त मिळाले आहे.

आधी नावाची गोष्ट. १९५३ हे पूर्व जर्मनीत 'मार्क्स वर्ष' म्हणून साजरे होत होते, कारण त्या वर्षी मार्क्सच्या मृत्यूला ७० वर्षे होत होती आणि जन्माला १३५. पोलंडच्या सीमेलगत पोलादाच्या नव्या कारखान्यासाठी वसवल्या जाणाऱ्या वसाहतीला त्याचे नाव द्यावे, असा मूळ बेत होता. परंतु मार्चमध्ये स्टालिन वारला, त्या वसाहतीला घाईघाईने 'स्टालिनश्टाट' हे नाव मिळाले, आणि मार्क्ससाठी दुसरे गाव शोधण्याची वेळ आली. कामगार चळवळीचा जुना इतिहास असलेले केम्निट्झ त्यासाठी सोयीचे ठरले. १० मे १९५३ रोजी पंतप्रधान ओटो ग्रोटेवोल यांनी नामांतर जाहीर केले आणि इथली माणसे मागे पाहत नाहीत, पुढे पाहतात, अशा आशयाचे भाषण केले. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा थोडा थबकलो. त्या दिवशी या शहरातल्या कुणी मागे वळून पाहिले असते, तर त्याला आठ वर्षांपूर्वीचे ढिगारे दिसले असते.

५ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात केम्निट्झचा मध्यभाग जवळजवळ नाहीसा झाला. त्या दिवशी आणि रात्री दोन हजारांहून अधिक माणसे मेली, आणि जुन्या गावठाणातली सुमारे ८० टक्के वस्ती उद्ध्वस्त झाली. दर वर्षी ५ मार्चला शहर हा दिवस शांतता दिन म्हणून पाळते आणि संध्याकाळी घंटा वाजतात. जुन्या गल्ल्या, बोळ, बाजारपेठ यांपैकी फारच थोडे पुन्हा उभारले गेले. युद्धातून भिंतींनिशी उरलेले सेंट पॉल चर्चही अखेर १९६१ साली सुरुंग लावून पाडण्यात आले. समाजवादी नियोजनकारांच्या वाट्याला आलेली जागा अशी मोकळी होती, आणि ती आणखी मोकळी करण्याची त्यांची तयारी होती. रुंद रस्ते, मिरवणुकांसाठी मैदान, लांबलचक सरळ इमारती आणि त्यांच्या मध्ये भरपूर आकाश असा नवा मध्यभाग त्यांनी आखला, आणि तो जुन्या बाजारचौकापासून थोडा उत्तरेकडे सरकवला. आजही पाहुणे विचारतात की तुमच्या गावाचे 'सेंटर' नेमके कुठे आहे, तेव्हा सरळ उत्तर देता येत नाही, कारण इथे एकाशेजारी एक अशी दोन केंद्रे आहेत आणि दोन्हींमध्ये वारा सारखाच लागतो.

या नव्या मध्यभागासाठी एक पुतळा हवा होता. सोव्हिएत शिल्पकार लेव केर्बेल यांनी पूर्ण पुतळा न करता नुसते डोके करायचे ठरवले. हात नाहीत, पाय नाहीत, कोट नाही. मानेपासून वर एक प्रचंड डोके. उंची ७.१ मीटर, वजन सुमारे ४० टन, आणि खालचा ग्रॅनाइटचा चौथरा धरला तर जमिनीपासून १३ मीटरांच्या वर. लेनिनग्राडमध्ये कांस्याचे ९५ तुकडे ओतून ते इथे आणले गेले आणि जागेवर जोडले गेले. सायबेरियातल्या उलान-उदे गावात त्याच वर्षी लेनिनचे याहून थोडे मोठे डोके उभे राहिले नसते, तर जगातले सर्वांत मोठे डोके आमच्या गावात असते, हे इथले लोक किंचित खंत मिसळलेल्या विनोदाने सांगतात.

जवळ जाऊन पाहिले तर हे डोके दुरून दिसते त्याहून बरेच वेगळे आहे. छायाचित्रांत ते गुळगुळीत आणि काळे दिसते. प्रत्यक्षात केर्बेल यांनी दाढी मातीत थापी मारावी तशी मोठ्या, खडबडीत पट्ट्यांत घडवलेली आहे, आणि चौथऱ्याच्या पायाशी उभे राहून वर पाहिले की चेहरा दिसतच नाही. दाढीचा एक कडाच डोक्यावर आलेला दिसतो, एखाद्या लेण्याच्या तोंडाशी उभे राहावे तसा. उन्हाळ्यात दुपारनंतर त्या धातूजवळून ऊब जाणवते. हिवाळ्यात भुवयांवर बर्फ साचते आणि त्या कर्तव्यकठोर चेहऱ्याला अचानक एखाद्या आजोबांची कळा येते. चौथऱ्याभोवतीच्या दगडी पायऱ्यांवर मुले स्केटबोर्ड घासतात, त्याचा आवाज संध्याकाळी समोरच्या बागेपर्यंत येतो.

डोक्याच्या मागे एक लांब इमारत आहे, आणि तिच्या भिंतीवर मार्क्सच्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यातले ते प्रसिद्ध वाक्य जर्मन, इंग्रजी, रशियन आणि फ्रेंच अशा चार भाषांत कोरलेले आहे. जगातल्या कामगारांनो, एक व्हा. मी हे वाक्य पहिल्यांदा वाचले ते इचलकरंजीत, लाल बावट्याच्या मोर्चात, चुन्याने रंगवलेल्या कापडी फलकावर. तेव्हा मी माझ्या वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसलेलो होतो आणि 'एक व्हा' यातला 'व्हा' वाचताना अडखळलो होतो. इथे तेच वाक्य मजल्यांच्या उंचीची अक्षरे होऊन समोर आले, तेव्हा पहिली भावना आदराची नव्हती, ओळखीची होती. दुसरी भावना थोड्या वेळाने आली: चुन्याचा फलक मोर्चा संपला की गुंडाळून ठेवता यायचा, आणि हे वाक्य ज्यांनी कोरले, त्यांना कुणी मोर्चा काढलेला चालत नसे.

कारण मागची ती इमारत साधीसुधी नव्हती. तिच्यात जिल्ह्याचे प्रशासन होते आणि तिच्या रस्त्यालगतच्या लांब, दातेरी भागात सत्ताधारी पक्षाचे जिल्हा कार्यालय. आकारामुळे लोकांनी तिला 'पक्षाची करवत' असे नाव ठेवले होते, आणि ते नाव ठेवताना कुणाच्या मनात नुसती भूमिती असेल, असे मला वाटत नाही.

९ ऑक्टोबर १९७१ रोजी स्मारकाचे अनावरण झाले, तेव्हा सुमारे अडीच लाख माणसे जमवण्यात आली होती असे सांगितले जाते. शेजारीणबाई तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या आणि त्यांचा सगळा वर्ग निळे सदरे घालून रांगेत उभा होता. त्या दिवसाचे काय आठवते, असे मी त्यांना एकदा विचारले. भाषणे कुणाची झाली, हे त्यांना आठवत नव्हते. त्यांना आठवत होते ते मैत्रिणीचे नवे बूट, जे तिला चावत होते. लघवीला जायचे असूनही रांग सोडता येत नव्हती. आणि वरचे कापड खाली आले तेव्हा मागून कुणीतरी मोठ्या माणसाने हळूच म्हटलेला एक शब्द. "निशेल."

'निशेल' हा सॅक्सन बोलीतला शब्द आहे आणि त्याचा अर्थ डोके. पण 'डोके' हे भाषांतर फार सभ्य झाले. मराठीत त्याला 'टाळके' म्हणावे लागेल. 'टाळके ठिकाणावर आहे का' यातले टाळके. सरकारी भाषेत जे कार्ल मार्क्स स्मारक होते, ते लोकांच्या तोंडी टाळके झाले आणि आजतागायत टाळकेच राहिले आहे. त्या कुजबुजलेल्या शब्दाची शेजारीणबाईंची आठवण अगदी खरी आहे की पुढच्या पन्नास वर्षांत तिने आकार घेतला आहे, याची मला खात्री नाही, आणि मी ती तपासायलाही गेलो नाही. बोलीची ही खोडी शहराच्या नावालाही लागली होती. सॅक्सन उच्चारात 'आ' वळून 'ओ' होतो, त्यामुळे आपण तीन 'ओ' असलेल्या गावात जन्मलो असे इथले लोक सांगत: कोर्ल-मोर्क्स-श्टोट. ज्या जर्मन शब्दांत 'ओ' एकही नाही, त्यांत तीन 'ओ' घालण्याची ही किमया मला फार आवडते. वऱ्हाडी किंवा मालवणी माणसाला तिचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

राजवट कोसळल्यावर १९९० च्या एप्रिलमध्ये नागरिकांचे मत घेण्यात आले, तेव्हा ७६ टक्के लोकांनी जुन्या नावाला कौल दिला आणि १ जूनपासून शहर पुन्हा केम्निट्झ झाले. पुतळ्याचे काय करायचे, यावरही बराच वाद झाला. त्या काळात पूर्व जर्मनीत लेनिनचे पुतळे उतरवले जात होते, बर्लिनमधला एक तर तुकडे करून रानात पुरण्यात आला. इथले डोके मात्र हलले नाही. याची कारणे देताना लोक सहसा पैशाचे कारण देतात: ४० टन कांस्य हलवायला खर्च फार. मला हे कारण अर्धेच पटते. माझ्या मते लोकांनी त्या डोक्याला १९९० च्या आधीच स्मारकपदावरून उतरवलेले होते. ज्याला आपण टाळके म्हणतो, ज्याच्या पायाशी पहिल्या भेटीसाठी थांबतो, ज्याच्या भुवयांवरच्या बर्फाला हसतो, त्याला पाडून सूड उगवल्याचे समाधान मिळत नाही. नाव वरून लादलेले होते, ते गेले. टोपणनाव खालून आले होते, ते राहिले.

पुढे त्या डोक्याची गंमतही पुष्कळ झाली. २००७ साली म्युन्स्टर शहरातल्या मोठ्या शिल्पप्रदर्शनासाठी लिथुआनियाचे कलावंत देइमान्तास नार्केविचियुस यांना हे डोके काही महिन्यांसाठी पश्चिम जर्मनीत नेऊन ठेवायचे होते; केम्निट्झने नकार दिला. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रियातल्या लिंझच्या कलाविद्यार्थ्यांनी त्याच्याभोवती पांढऱ्या कापडाचा डबा उभारला आणि आत जिना बांधला, त्यामुळे लोकांना वर चढून मार्क्सच्या डोळ्याला डोळा भिडवता आला. शेजारीणबाई चढल्या होत्या. "नाक फार मोठे आहे," एवढाच त्यांचा अभिप्राय. २०१२ साली इथल्या बचत बँकेने क्रेडिट कार्डावर कोणते चित्र हवे, असे ग्राहकांना विचारले आणि ग्राहकांनी मार्क्स निवडला. भांडवलाचा एवढा मोठा टीकाकार उधारीच्या कार्डावरून हसतमुखाने नव्हे, पण निमूटपणे पाहू लागला.

मला या गमतींचा थोडा कंटाळाही येतो, आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. टाळके आता शहराचे बोधचिन्ह झाले आहे. दुकानात त्याच्या छोट्या प्रतिकृती मिळतात, पिशव्यांवर ते असते, पोस्टकार्डांवर असते. पण त्याच्या मागच्या इमारतीत कोण बसत असे, याची आठवण त्या पिशवीत येत नाही. मध्यभागापासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर कासबेर्ग नावाची टेकडी आहे आणि तिथे एक जुना तुरुंग आहे. १९६३ ते १९८९ या काळात पश्चिम जर्मनीने पैसे मोजून पूर्वेकडचे सुमारे ३३,००० राजकीय कैदी सोडवून घेतले, आणि त्यांतल्या बहुतेकांना सीमेपलीकडे नेणाऱ्या बसमध्ये बसवण्याआधी याच तुरुंगात आणून ठेवले जात असे. माणसे विकून परकीय चलन मिळवण्याचा हा व्यवहार कामगारांच्या राज्यात, मार्क्सच्या नावाच्या गावात, मार्क्सच्या डोक्यापासून हाकेच्या नाही तरी फेरफटक्याच्या अंतरावर चालत होता. तुरुंगाच्या जागी २०२३ साली स्मृतिस्थळ उघडले. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आत आम्ही चौघे होतो. त्याच दुपारी टाळक्यापाशी एका वऱ्हाडाचे फोटो चालले होते.

समाजवादी मध्यभागाची दुसरी मोठी वास्तू म्हणजे श्टाटहाले, अर्थात नगर सभागृह, आणि त्याला चिकटून उभे असलेले उंच हॉटेल. रुडॉल्फ वाइसर यांच्या आराखड्यावर बांधलेला हा संकुल १९७४ साली पुरा झाला. हॉटेलचा मनोरा सुमारे ९७ मीटर उंच आहे आणि अजूनही गावात कुठूनही दिसतो. सभागृहाच्या काँक्रीटच्या भिंतींवर हुबर्ट शीफेलबाइन यांनी साच्यात घडवलेले उठावदार आकार आहेत. पाऊस पडून गेला की त्यांच्या खाचांत पाणी राहते, आणि करडी भिंत काही काळ दोन रंगांची दिसते. समाजवादी बांधकाम म्हणजे एकसुरी काँक्रीटचे ठोकळे, असे ज्यांचे मत आहे त्यांनी ही भिंत हात लावून पाहावी. इथे नाटके होतात, नाताळात मैफली होतात, पदवीदान होते, शाळकरी मुलांचे समारंभ होतात. सभागृहावर कुणाचे प्रेम आहे का, असे विचारले तर लोक खांदे उडवतील. ते बंद करायचे म्हटले तर मात्र गाव रस्त्यावर येईल. तसेच १९६८ सालचे बस स्थानक. पोलादी दोरांनी ताणून धरलेले त्याचे छत पाहायला वास्तुशास्त्राचे विद्यार्थी येतात, आणि गावकरी त्याखाली उभे राहून बसला उशीर झाला म्हणून कुरकुरतात.

श्टाटहालेच्या अंगणात मध्ययुगातला एक मनोरा उभा आहे, लाल मनोरा. गावाच्या जुन्या तटबंदीतला उरलेला हा एकटा मनोरा समाजवादी नियोजनकारांनी पाडला नाही, उलट आपल्या नव्या सभागृहाच्या कुशीत घेतला. त्या मनोऱ्याची एक नक्कल माझ्या स्वयंपाकघरात आहे. पूर्व जर्मनीत भांडी घासायचे 'फिट' नावाचे द्रावण कार्ल-मार्क्स-श्टाटमध्ये तयार होई, आणि त्याच्या बाटलीचा आकार या लाल मनोऱ्यावरून घेतलेला आहे: चौकोनी अंग आणि वर निमुळते छप्पर, तेच तिचे बूच. कारखाना आता इथे नाही, सीमेलगतच्या दुसऱ्या गावी आहे, पण बाटलीचा घाट तोच राहिला. इथे आल्यावर दोन वर्षे मी ती बाटली रोज हातात घेत होतो आणि मनोऱ्यावरून रोज ट्रामने जात होतो, तरी दोघांची सांगड मला घालता आली नाही. एक दिवस शेजारीणबाई साखर मागायला आल्या होत्या, त्यांनी सिंककडे बोट दाखवून विचारले, "मनोरा पाहिलात ना?" मी म्हणालो, कोणता मनोरा? त्या इतक्या हसल्या की साखर घ्यायला पुन्हा परत यावे लागले. साऱ्या पूर्व जर्मनीत, मोरीच्या कडेला, हिरव्या पाण्याने भरलेले हे स्मारक उभे होते आणि त्याच्या अनावरणाला कुणालाही रांगेत उभे केलेले नव्हते.

१९९० नंतरच्या बांधकामाबद्दल मी थोडक्यात आटोपतो, कारण मला त्यात फारसा जीव दिसत नाही. एकीकरणानंतरच्या पहिल्या वर्षांत मोठी दुकाने गावाबाहेरच्या मोकळ्या रानात गेली आणि मध्यभाग ओस पडला. मग शहराने हान्स कोलहोफ, हेल्मुट यान आणि क्रिस्टोफ इंगेनहोफेन अशा नामवंत वास्तुकारांना बोलावून जुन्या बाजारचौकाभोवतीच्या रिकाम्या जागा भरून काढल्या. इमारती नेटक्या आहेत. यान यांच्या काचेच्या भिंतीत संध्याकाळी नगरपालिकेच्या जुन्या इमारतीचे प्रतिबिंब छान पडते. पण त्यांच्यापैकी एकीलाही लोकांनी टोपणनाव दिलेले मी ऐकलेले नाही. याच्या उलट एरिक मेंडेलसोन यांचे १९३० सालचे शॉकन दुकान पाहा. बाकदार दर्शनी भाग, त्यावर आडव्या खिडक्यांच्या अखंड पट्ट्या. मालक ज्यू होते, नाझींनी त्यांच्या हातून ते हिसकावले; बॉम्बहल्ल्यातून इमारत वाचली, समाजवादी काळात सरकारी दुकान झाली आणि २०१४ पासून ती पुरातत्त्व संग्रहालय आहे. शेजारीणबाई त्या इमारतीला अजूनही 'दुकान'च म्हणतात.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये शहराच्या जत्रेच्या रात्री एका माणसाचा खून झाला, संशयित निर्वासित होते, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हजारो अतिउजवे निदर्शक टाळक्यासमोर जमले. त्या संध्याकाळी मी कामावरून पायी येणार होतो, पण कचेरीतल्या एका सहकाऱ्याने काही न बोलता मला मोटारीत बसवले आणि दाराशी सोडले. जगभरच्या वर्तमानपत्रांत मार्क्सचे डोके आणि त्यासमोर उंचावलेले हात, असे चित्र छापून आले. इचलकरंजीहून आईचा फोन आला तो ते चित्र पाहूनच. आठवड्याभराने, ३ सप्टेंबरला, मध्यभागातच मोफत संगीत कार्यक्रम झाला आणि त्याला सुमारे ६५,००० माणसे आली. स्मारकाच्या परिसरात शहराने एक फलक लावला: केम्निट्झ करडेही नाही आणि तपकिरीही नाही. करडा हा काँक्रीटचा रंग, तपकिरी हा नाझींचा. पहिल्या अर्ध्या वाक्याशी मी वाद घालीन, कारण केम्निट्झ करडे आहेच आणि मला ते तसे आवडते. दुसऱ्या अर्ध्याबद्दल त्या आठवड्यात मला खात्री नव्हती. त्यानंतर कित्येक महिने मी त्या चौकातून जाताना पावले जरा झपाट्याने टाकत असे. सामूहिक स्मृती म्हणजे नेहमी दुसऱ्यांची, असे मी तोवर समजत होतो.

२०२५ साली केम्निट्झ हे नोव्हा गोरिका या स्लोव्हेनियातल्या गावाबरोबर युरोपची सांस्कृतिक राजधानी झाले, आणि त्या निमित्ताने जे उपक्रम झाले त्यांत मला सर्वांत मोलाचा वाटला तो मोटारींच्या गॅरेजांचा. या शहरात अशी सुमारे ३०,००० गॅरेजे आहेत. समाजवादी काळात ट्राबांट मोटार मिळायला दहा-दहा, बारा-बारा वर्षे थांबावे लागे, मग ती मिळाली की जपायला जागा हवी. म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून, सुट्टीच्या दिवशी, कुठून कुठून विटा आणि पत्रे जमवून, रांगाच्या रांगा गॅरेजे बांधली. गाळा स्वतःचा, जमीन सरकारची. आता त्यांत मोटारी थोड्याच उरल्या आहेत. सुतारकामाची हत्यारे आहेत, नाताळाची सजावट आहे, बँडचा सराव आहे, बायकोने घराबाहेर काढलेला सोफा आहे. ही वास्तू कुणा वास्तुकाराने आखलेली नाही, तिच्यासमोर कधी संचलन झाले नाही. तिची दारे लोकांनी त्या एका वर्षात उघडली आणि आत काय आहे ते अनोळखी माणसांना दाखवले.

शेजारीणबाईंच्या यजमानांचेही असे एक गॅरेज होते. ते गेल्यावर ते रिकामे करायला मी मदतीला गेलो. खिळ्यांनी भरलेले डबे, गंजलेला जॅक, ट्राबांटचा एक सुटा दरवाजा, आणि भिंतीला टेकवून ठेवलेली निळ्या पत्र्याची पाटी. तिच्यावर रस्त्याचे नाव होते: कार्ल-मार्क्स-आले. टाळक्यासमोरचा तो रस्ता आता ब्रुकेनश्ट्रासे, म्हणजे पुलाचा रस्ता, या नावाने ओळखला जातो. पाटी त्यांच्याकडे कशी आली, हे मी विचारले. "पडलेली होती," शेजारीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या डब्याकडे वळल्या. पाटी त्यांनी फेकली नाही, घरीही आणली नाही. गॅरेज ज्याने पुढे घेतले, त्याच्यासाठी ती तिथेच ठेवली.

गेल्या ऑक्टोबरात नाशिकचा एक मुलगा विद्यापीठात दाखल झाला. आमच्या मराठी मंडळींच्या गटावर कुणीतरी त्याला माझा क्रमांक दिला होता आणि त्याला उशी-पांघरूण कुठे स्वस्त मिळते ते विचारायचे होते. मी त्याला संध्याकाळी भेटायला बोलावले. कुठे, असे त्याने विचारले, आणि मी विचार न करता लिहून गेलो, निशेलपाशी. मग लक्षात आले की त्याला हा शब्द माहीत असण्याचे कारण नाही, म्हणून समजावून सांगायला फोन हातात घेतला, तर त्याचा निरोप आधीच येऊन पडलेला होता: "दादा, पोचलो. दाढीखाली उभा आहे. इथे वारा फार आहे."